दिवेलागणीचा भोंगा

आमची सून चांगली हाय, ते मी कुणाम्होरं बी सांगंन. पर तिच्यासंगं एका घरात ऱ्हायाचं म्हंजी सोपं काम न्हाई. चहात साखर टाकली का विचारलं तर नुसतं "टाकली" म्हणायची न्हाई. चमचाभर चाखून बघंल आन् मंग सांगंल. दाराला कडी घातली का म्हणलं की अंथरुणातनं उठून बघून येती. नोकरीनं तिचा स्वभाव असा झाला का तसल्या स्वभावाला तसलीच नोकरी मिळाली, ते मला अजून उमगलं न्हाई.

करुणा तिचं नाव. माहेर दौंडचं, बाप रेल्वेत व्हता. त्यानं पोरीला इलेक्ट्रॉनिकचा डिप्लोमा करवला. लग्नाआधी ती रांजणगावच्या एका कंपनीत तपासणीच्या खोलीत कामाला व्हती. ती खोली सगळी लोखंडाची, आत गेलं की मोबाईलला रेंज न्हाई. तिथं एकेक मशीन चालू करून बघायचं, ती हवेत आन् वायरीत किती गोंगाट सोडती. मी म्हणलं, "गोंगाट काय आपल्याला ऐकू येत न्हाई व्हय? त्याला खोली कशाला पायजे?"

"आत्या, हा गोंगाट आपल्या कानाला ऐकू येत न्हाई," ती म्हणली. "रेडिओला येतो, मोबाईलला येतो, रिमोटला येतो. एका मशीनीनं दुसरीच्या कामात तोंड घालू नये म्हणून नियम असतो. एवढाच सोडायचा, त्याच्या वर न्हाई."

मला ते पटलं. माणसांना बी असला नियम पायजे व्हता, आमच्या धाकट्या जावंला तर सगळ्यात आधी.

माझा सतीश कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्टला जातो. लग्न झालं, पोरगी समृद्धी झाली, आन् आमच्या मांडवगणावरनं रोज रांजणगावला जाणं करुणाला जमंना. तिनं नोकरी सोडली. आता घरात बसंल, मला जरा हाताखाली येईल, असं मी मनात धरलं व्हतं. कुठलं काय. म्होरच्या खोलीत टेबल टाकलं, सोल्डरची गन आणली आन् झटका मशीन बनवायला लागली.

झटका मशीन आमच्याकडं घरोघर हाय. रानाच्या कडंनं तार वढायची, तिला बॅटरीवरची मशीन जोडायची. डुकरं तारेला लागली की फटका बसतो, जीव जात न्हाई, पर परत फिरत्यात. दिवसा मशीन बंद असती, कारण बांधानं बाया गवत कापत्यात, शेरडं चरत्यात. दिवेलागण झाली की घरात बत्ती लावायची आन् रानात मशीन लावायची, अशी आमची रीत. ही रीत ध्यानात ठेवा, म्होरं सगळं तिच्यावरच घडलं.

केडगावच्या बाजूला एक शेतकऱ्यांची कंपनी हाय. ते म्हणले, "ताई, तुमची मशीन घेतो, पर लॅबचा रिपोर्ट आणा." करुणानं पुण्याला मशीन नेली. पहिल्या खेपंला नापास झाली. घरी आली तवा तोंड एवढंसं. मी म्हणलं, "अगं, डुकरांना काय रिपोर्ट वाचता येतो?" तर माझ्यावरच खेकसली. मंग तिनं मशीनीत चोक घातला. चोक म्हंजी बांगडीगत काळी रिंग, वर तांब्याची तार गुंडाळलेली. मला तिनं समजावून सांगितलं, की मशीन बॅटरीतनं करंट वढती तवा मागच्या मागं वायरीत घाण सोडती, आन् चोक ती घाण आतल्या आत अडवतो. दुसऱ्या खेपंला मशीन पास झाली. त्या दिशी पेढे आणले, विहारात बी वाटले. मंग हिरवं स्टिकर छापून घेतलं, "गोंगाट तपासणी पास", आन् दर डब्यावर चिकटवायला लागली.

दिवाळीच्या तोंडाला चोक संपले. पुण्याहून यायचे ते येईनात. आन् गिऱ्हाईक तर दारात बसलेलं. सगळ्यात जास्त पिच्छा पुरवला तो गेणबा आबांनी. गेणबा आबा नदीकडच्या वस्तीवरले. त्यांचा बाप मेंढरं घेऊन हिंडायचा, आता त्यांचं रान हाय, ऊस हाय, संपत नावाचा पोरगा हाय आन् साधना ही सून. डुकरांनी त्यांची मका लोळवली व्हती. माणूस रडकुंडीला आलेला.

"करुणा," आबा म्हणले, "त्या काळ्या बांगडीनं फटका जोरात बसतो का?"

"न्हाई आबा. फटक्याचा आन् तिचा काय संबंध न्हाई."

"मंग तशीच दे की पोरी."

सतीश बी तिथंच बसला व्हता. त्यानं री वढली. "मांडवगणात कोण तपासायला येतंय? दे आता, दिवाळी झाल्यावर बसव."

तिनं दिल्या. आबांना बी दिली, आणखी बऱ्याच जणांना दिल्या. डबा तोच, स्टिकर तेच, आत चोक न्हाई. दर माणसाला बजावून सांगितलं, की दिवाळीनंतर घेऊन या, एक सामान बसवायचं ऱ्हायलंय. आता तुम्हीच सांगा, चालू मशीन कोण परत आणून देतो? मिक्सर धडधाकट चालत असताना कोण दुकानात घेऊन जातो का? चोक आले आन् पिशवीत पडून ऱ्हायले. करुणा सुरुवातीला फोन करायची. लोक म्हणायचे, आणतो की, घाई काय. मंग ती बी कामात गुंतली.

हिवाळ्यात ऊसतोड लागली. ऊस तुटायला लागला की बिबट्या बाहेर पडतो, हे आता आमच्याकडं लेकरांना बी ठाऊक हाय. गेणबा आबांच्या वस्तीवाल्यांनी मिळून एक भोंगा आणला. भोंगा खांबावर बसवला आन् त्याचं रिमोटगत बिनवायरीचं बटण साधनाकडं दिलं. बटण दाबलं की भोंगा वरडतो आन् वस्तीवरली माणसं फटाके, काठ्या घेऊन पळत येत्यात. बटण साधनाच्याच गळ्यात का, तर गोठा उसाला लागून हाय आन् दिवेलागणीला दूध काढायला तीच जाती. गाया तिच्या सवताच्या हायेत, बचत गटातनं घेतलेल्या. त्यांच्या अंगाला ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाई.

एक दिस तिन्हीसांजंला ती धार काढत व्हती. कुत्रं गुरगुरलं आन् गप झालं. साधनानं मान वर केली तर दावणीच्या पलीकडं बिबट्या उभा. तिनं गळ्यातलं बटण दाबलं. भोंगा गप. परत दाबलं, दाबूनच धरलं. गप. मंग तिनं किटलीवर झाकण आपटलं, बोंब ठोकली, आन् कडब्याच्या खोलीत शिरून आतनं दार लावून घेतलं. बिबट्यानं करडू उचललं आन् उसात गेला. आबा मशीन लावून गावात गेलेले, संपत डेअरीवरनं परत येईस्तवर ती बाई तशीच दाराला पाठ लावून बसली व्हती. कुणाला पत्ता न्हाई, कारण भोंगा वाजलाच न्हाई तर पळत येणार कोण?

दुसऱ्या दिशी सकाळी सगळी वस्ती खांबाखाली जमली. संपतनं बटण दाबलं. भोंगा असा वरडला की झाडावरची पाखरं उठली. आबांनी दाबलं, वाजला. शेजाऱ्यानं लांब बांधावर जाऊन दाबलं, तरी वाजला. झालं, लोकांना जे म्हणायचं ते म्हणून झालं. बाई घाबरली, बटण उलटं धरलं असंल. पदरावरनंच दाबलं असंल. साधना म्हणत ऱ्हायली, "मी नीट दाबलं व्हतं." कुणी ऐकंना.

संपतनं भोंगा काढून करुणाकडं आणला, एकदा बघ म्हणून. तिनं टेबलावर आपल्या बॅटरीला लावला, तर पयल्या दाबात वाजला. दिसभर वाजवून बघितला, घरातली माणसं हैराण झाली. काय दोष सापडंना. संध्याकाळी साधना भोंगा न्यायला आली तवा करुणानं तिला विचारलं, "बटण नीट दाबलं व्हतंस ना गं?"

साधनानं तिच्याकडं बघितलं. भोंगा उचलला आन् गेली.

त्यानंतर भोंगा परत खांबावर चढला, पर साधनानं बटण गळ्यातनं काढून खुंटीला अडकवलं. म्हणली, मी आता गोठ्यात पाय टाकणार न्हाई. धार संपत काढायला लागला, गाया लाथा झाडायला लागल्या, दूध चोरायला लागल्या. आबा म्हणले, गाया इकून टाकू. मला लई वाईट वाटलं. त्या गाया घेतल्या तवा साधना त्यांना ओवाळताना मी बघितलेलं हाय.

म्हणून मी तिला भेटाय गेले. अंगणात खांबाखाली बाजंवर बसले. माझ्या कानात ऐकायची मशीन हाय, सतीशनं घेऊन दिलेली. साधना कमीच बोलत व्हती, मीच बडबडत व्हते. तेवढ्यात दिवेलागण झाली, आबा उठले, झटका मशीन लावली, आन् माझ्या कानात टकटक सुरू झाली आन् तिच्या मागं बारीक गुणगुण. डास कानात शिरल्यागत. साधना काय बोलती ते ऐकू येईना. मी वैतागून घरी आले.

घरी येऊन मी करुणाला म्हणलं, "तुझ्या मशीनीनं माझ्या डोक्याला ताप केलाय. आबांच्या अंगणात बसायची सोय ऱ्हायली न्हाई."

ती खाली मान घालून सोल्डर करत व्हती. "तारेची टकटक असंल आत्या. ती आपल्या रानात बी येती तुम्हाला."

"टकटक मला ठाऊक हाय. ती येती आन् जाती. ही गुणगुण हाय, थांबतच न्हाई. आपल्या रानात न्हाई येत."

तिनं गन ठेवली. "कवा सुरू झाली?"

"आबांनी मशीन लावली तवा. दिवेलागणीला."

"आत्या, भोंगा सगळ्यांनी कवा वाजवून बघितला?"

"सकाळी. दिवसा."

"मी बी दिवसाच," करुणा म्हणली, आन् खुर्चीवर बसूनच ऱ्हायली. मला अजून काय कळलं नव्हतं, पर तिला सगळं कळलं व्हतं.

दुसऱ्या दिशी संध्याकाळी ती मला घेऊन वस्तीवर गेली. आबा, संपत, साधना, सगळ्यांना खांबापाशी बोलवलं. खांबाच्या बुडाला एकच बॅटरी. तिच्यावर संपतनं झटका मशीन जोडलेली, भोंगा जोडलेला, अंगणातला बल्ब बी तिच्यावरच. त्यात संपतचं काय चुकलं न्हाई, आमच्याकडं रानात सगळ्यांची बॅटरी एकच असती. करुणानं खुंटीवरचं बटण मागवलं आन् साधनाच्या हातात दिलं.

"आबा, मशीन लावा."

आबांनी लावली. माझ्या कानात गुणगुण सुरू झाली.

"साधना, दाब."

साधनानं दाबलं. भोंगा गप. परत दाबलं, गप. "आता मशीन बंद करा," करुणा म्हणली. आबांनी बंद केली. साधनानं दाबलं, भोंगा वरडला.

मंग साधना म्हणली, "मी नीट दाबलं व्हतं."

"व्हय," करुणा म्हणली. "तू नीटच दाबलं व्हतं. माझ्या मशीनीत चोक न्हाई. ती बॅटरीच्या वायरीत घाण सोडती, ती सरळ भोंग्यात जाती. त्या गोंगाटात त्याला बटणाचं ऐकूच येत न्हाई. चूक माझी हाय. आन् वर मीच तुला विचारलं, नीट दाबलंस का."

आबा कसनुसं म्हणले, "अगं, मीच दे म्हणलं व्हतं तुला."

"तुम्ही मागितली आबा. दिली मी. वर स्टिकर लावून दिली."

साधनानं बटण तिच्या हातात ठेवलं आन् घरात निघून गेली. करुणा तिच्या मागं जाणार व्हती, मी हात धरला. म्हणलं, राहू दे आज.

त्या दिसापासनं करुणानं बिनचोकच्या सगळ्या मशीनी गोळा करायला घेतल्या. सतीश म्हणला, "सर्व्हिसिंग हाय म्हणून आण, फुकटात करून देतीया म्हण. गावभर कशाला सांगायचं?" त्याचं मला बी बरोबर वाटलं व्हतं, खोटं कशाला बोलू. पर ही बाई दर दारात उभी ऱ्हाऊन सांगायची, की मशीनीत माझ्याकडनं सामान ऱ्हायलंय, तसल्याच मशीनीपायी साधनाचा भोंगा वाजला न्हाई. मला संगं घेऊन फिरायची, मीटर घेऊन फिरावं तसं. दिवेलागणीला मशीनीजवळ उभी करायची आन् विचारायची, "आत्या, नुसती टकटक का गुणगुण बी?" चोक बसवून परत जोडली की परत मला उभी करायची. डब्यावरचं जुनं स्टिकर ब्लेडनं खरवडायची, आन् माझी गुणगुण थांबल्यावरच नवं लावायची. लोक तिला म्हणायचे, सासूला आता पगार चालू कर. मी म्हणायचे, पगार नको, घरात वेळेवर जेवण द्या.

काही जण मशीन सोडंनात. डुकरं रात्रीत रान खातील, म्हणायचे. त्यांचं बी खरंच व्हतं. मंग हिनं आपल्या रानातली मशीन काढली आन् ज्याची दुरुस्तीला आणायची त्याच्या रानात लावली. ती मशीन एकेकाच्या रानात फिरत ऱ्हायली आन् आमचं रान मोकळं. डुकरांनी आमची मका खाल्ली, उरलेली तुडवली. मला राग आला. चांगला मोठा राग आला. ती मका मी खुरपली व्हती. त्या दिशी मी तिच्याशी बोलले न्हाई. तिनं पडलेली धाटं उचलून शेरडांना घातली.

आबांची मशीन सगळ्यात आधी नीट झाली व्हती. भोंग्याला तिनं बॅटरी बी वेगळी दिली. मशीन चालू असताना भोंगा वाजतो का ते आबांनी बघितलं, संपतनं बघितलं. साधनानं लांबनं बघितलं. मंग एक दिस तिनं खुंटीवरचं बटण काढून गळ्यात घातलं आन् गोठ्यात गेली. त्या दिशीपासनं तिनं सवताची रीत केली. आबांनी मशीन लावली की गोठ्यात शिरायच्या आधी एकदा बटण दाबायचं. एकच टोला, दाबून सोडून द्यायचं. वस्तीवाल्यांना ठाऊक, की एक टोला म्हंजी सगळं ठीक, वाजतच ऱ्हायला तर पळायचं.

तो टोला आमच्या दारात ऐकू येतो. रोज दिवेलागणीला करुणा हातातलं काम टाकून उंबऱ्यात येऊन उभी ऱ्हाती. तवा तापून धूर निघंल, पर भोंगा वाजल्याबिगर ती आत जात न्हाई. वाजला की भाकरी थापाय बसती.

साधना मात्र तिच्याशी बोलत नव्हती. दुकानात गाठ पडली तर माझी चौकशी करायची, समृद्धीच्या गालाला हात लावायची, आन् करुणाकडं बघायची न्हाई. करुणानं त्याची कवा तक्रार केली न्हाई. मलाच ते टोचायचं. म्हणलं, झाली चूक, मान्य केली, निस्तरली, आता किती दिस?

मंग एक दिस दिवेलागण झाली आन् भोंगा वाजला न्हाई. करुणा उंबऱ्यात उभी. मी म्हणलं, उशीर झाला असंल. अंधार पडायला लागला. तिनं साधनाला फोन लावला, रिंग गेली, कुणी उचलंना. संपतला लावला, तो शिरूरला गेलेला, आबांना बी संगं घेऊन. तिनं तवा खाली उतरवला, समृद्धीला शेजारी सोडलं, टॉर्च घेतली आन् निघाली. मी म्हणलं, "अगं थांब, कुणाला तरी बोलवू." तिला ऐकू गेलं का न्हाई कोण जाणे. मंग मी बी काठी घेतली. दोन्ही अंगाला ऊस, मधी बैलगाडीची वाट, आन् आम्ही दोघी बाया. मी भ्याले व्हते. ती वाटभर भोंग्याकडं कान लावून चाललेली, मला मागं वळून बघायला बी तिला सवड नव्हती.

वस्तीवर पोचलो तर बल्ब लागलेला. साधना गोठ्याच्या दारात दगडावर बसलेली, शेजारी दुधानं भरलेली किटली, हातात बटण. वाटंकडंच बघत व्हती.

करुणाला धाप लागलेली. "का न्हाई वाजला?"

"दाबलाच न्हाई," साधना म्हणली. "त्या दिशी मी दाबला आन् कुणी आलं न्हाई. आज न दाबता कोण येतं, ते बघायचं व्हतं."

माझं डोकं फिरलं. म्हणलं, "आगं भवाने, बिबट्याच्या रानातनं आम्हाला पळवत आणलंस व्हय?" करुणानं माझा दंड धरला आन् मला गप केलं. ती साधनाकडं बघत व्हती आन् साधना तिच्याकडं.

"आता दाब," करुणा म्हणली.

साधनानं दाबलं. भोंगा आमच्या डोक्यावरच व्हता, माझ्या कानाला सहन होईना, मी कानातली मशीन उपसून हातात घेतली. परत कानात घातली तवा साधना करुणाला विचारत व्हती, चहा ठेवू का म्हणून.